म्हशी पाण्यात होत्या

मे महिन्याचा शेवट. आभाळ भरून आलेलं,
चार दिवस नुसतंच भरून आलेलं.
पान हलेना.
रात्रपाळी संपवून, झोप टाळून,
मी साडेनऊला कळंब्याच्या रस्त्याला लागलो,
कारण दसऱ्यानंतर एक शर्यत होती
आणि मनगटावर एक घड्याळ होतं
ज्याला ऊन कळत नाही.

पहिले चार किलोमीटर झकास.
घाम गळत होता. गळतोय म्हणजे ठीक चाललंय,
असं मी समजलो.
नुसता गळून काय उपयोग?
घाम वाळावा लागतो.
आणि त्या दिवशी हवा म्हणजे काठोकाठ भरलेली घागर,
तिच्यात माझे चार थेंब कुठं मावणार!
बनियन पिळलं असतं तर कपभर निघालं असतं,
अंगाला गारवा मात्र दमडीचा नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
मी शिरोलीला फौंड्रीत आहे, सतरा वर्षं.
दस्तगीरमामू नव्या पोराला
पहिले पंधरा दिवस भट्टीपुढं पूर्ण पाळी देत नाहीत.
"आधी दोन तास. मग तीन. अंगाला शिकू दे लगा,
अंग काय शाळा बुडवून पास होत न्हाई."
कोपऱ्यात कॅन असतो, लिंबू, मीठ, गूळ घातलेला;
भोंगा झाला की ग्लासभर प्यायचं,
तहान असो नसो.
मीसुद्धा पितो. नव्या पोरांना दरडावून पाजतो.
पण बुटाची नाडी आवळली की
मी कामगार उरत नाही ना,
मी धावपटू होतो.

सातव्या किलोमीटरला अंगावर काटा आला.
मे महिन्यात. भर उन्हात.
थंडी वाजली आणि मला बरं वाटलं,
मूर्खासारखं बरं वाटलं.
मग विजेचे खांब मोजत होतो, तर
अकरानंतर नऊ आला.
पुन्हा नऊ.

तळ्याखालच्या ओढ्यात म्हशी डुंबत होत्या,
नाकपुड्या तेवढ्या वर.
मल्लव्वा गवळण बांधावरून ओरडली,
"ए! थांब म्हणते न्हवं!
कोण मागं लागलंय तुझ्या?"
मी म्हणालो, अजून तीन राहिलेत.
शब्द जिभेवर लोळत आले, प्यालेल्या माणसाचे.

तिनं वाद घातला नाही.
दंडाला धरून करंजाखाली बसवलं,
नाही, पाडलंच.
म्हशी धुवायची बादली डोक्यावर ओतली,
मानेवर, काखेत, पुन्हा डोक्यावर;
शेणाचा वास, आणि त्याखाली कुठंतरी
माझं स्वतःचं अंग, परत येणारं.
किटलीच्या झाकणानं ती वारा घालत राहिली.
पाणी लगेच दिलं नाही. आधी नाव विचारलं,
मग गाव, मग आईचं नाव.
तिन्ही बरोबर आल्यावर घोट घोट.

"माझी एक रेडी अशीच गेली," ती म्हणाली,
म्हशींकडं बघत.
"बाजारातनं दुपारची चालवत आणली,
घाई होती आमच्या मालकास्नी.
मुक्या जनावराला थांबतो म्हणता येत न्हाई.
तुला येतंय की!"

मी काहीच बोललो नाही.
मनगटावरचं घड्याळ विचारत होतं,
धाव संपवायची?
बोट थरथरत होतं. दोनदा चुकीच्या जागी पडलं.

आता पहाटे पाचला निघतो.
सुरुवातीला दोनच किलोमीटर,
एवढ्या हळू की शेजारी कुणी असता
तर घरच्या गप्पा मारता आल्या असत्या.
मामूंना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत,
खिशातून मिठाची पुडी काढून हातावर ठेवली, बस्स.

परतताना ओढ्याजवळ ऊन चढलेलं असतं.
मल्लव्वा धार काढून म्हशी सोडत असते.
मान वर न करता हाक घालते,
"मोज रं!"
आणि मी, बेचाळीस वर्षांचा बाप्या,
रस्त्यानं मोठ्यानं खांब मोजत जातो.
नऊ.
दहा.
अकरा.
इथं ती थांबते, हातातली दावण तशीच धरून.
बारा.